पट्टा सोडल्यानंतर

कंबरदुखीवरील उपाय लोकप्रिय होण्यास त्या उपायात गुण असावाच लागतो असे नाही; तो दुखण्याच्या ऐन भरात सुरू केलेला असला म्हणजे पुष्कळदा तेवढे पुरते. कारण या व्याधीचा स्वभावच असा आहे की उसण भरून माणूस वाकडा झाला, त्याला शिंकेचीही धास्ती वाटू लागली आणि अंथरुणावरून उठण्यास दुसऱ्याचा हात लागू लागला, तरी बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत काही आठवड्यांत वेदना आपण होऊन ओसरते, आणि त्या मुदतीत जो कोणी वैद्य, जे कोणते तेल, जी कोणती गोळी अथवा जो कोणता पट्टा रोग्याच्या निकट असेल त्याच्या खात्यावर बरे होण्याचे सारे श्रेय जमा होते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे या व्याधीने पीडित होती, अशी जागतिक गणना आहे. इतक्या अफाट रुग्णसंख्येपैकी बहुतेकांस काही तरी केल्यावर बरे वाटलेले असणार, आणि त्या प्रत्येकाची साक्ष प्रामाणिक असूनही उपायाच्या गुणावगुणाचा निर्णय करण्याच्या कामी ती निरुपयोगी असणार, ही या विषयातील मूळ अडचण आहे.

या प्रामाणिक परंतु निरुपयोगी साक्षींवर ज्याची कीर्ती उभी राहिली अशा उपायांत कंबरेच्या पट्ट्याला मी अग्रस्थान देईन. औषधांच्या दुकानात दर्शनी भागी टांगलेला, पाठीकडून ताठ कांब्या शिवलेला आणि पोटावर चिकटपट्टीने आवळून घ्यावयाचा हा पट्टा कोणाच्याही चिठ्ठीवाचून मिळतो, पोटात घ्यावा लागत नाही, आणि बांधताच आपल्याला कोणी सावरून धरले आहे असा दिलासा देतो. त्याची अन्य उपचारांशी तुलना करावयाची तर प्रथम तुलनेचे माप ठरविले पाहिजे. कारण वेदना किती उतरली एवढेच विचारले तर एक उत्तर येते, माणूस कामावर केव्हा रुजू झाला असे विचारले तर दुसरे येते, आणि उपचार थांबविल्यानंतर रोग्याच्या पदरी काय उरले असे विचारले तर तिसरेच येते. माझ्या मते हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच सर्वांत कमी वेळा विचारला जातो.

पट्टा नेमके करतो काय, याविषयी दोन उपपत्ती प्रचलित आहेत. पोट आवळल्यामुळे उदरपोकळीतील दाब वाढतो आणि तो कण्याला समोरून आधार देऊन पाठीच्या स्नायूंचा भार हलका करतो, ही पहिली. जड वजन उचलणारे मल्ल रुंद चामडी पट्टा बांधतात त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. पट्टा कमरेच्या हालचालीला अटकाव करतो, पुढे वाकणे व बाजूला कलणे मर्यादित करतो, ही दुसरी. प्रयोगशाळेतील मोजणीत दुसरी उपपत्ती बरीचशी टिकली, पहिलीचा पुरावा मात्र डळमळीत निघाला. म्हणजे पट्ट्याच्या हातून निश्चितपणे होणारे कार्य एकच, आणि ते म्हणजे हालचाल कमी करणे. आता हालचाल कमी करणे हे कंबरदुखीत हिताचे की अहिताचे, हाच या विषयातील गेल्या चाळीस वर्षांचा मुख्य वाद असल्यामुळे, पट्ट्याचा न्याय त्या वादाच्या निकालाशी बांधलेला आहे. मणका मोडला असता अथवा कण्यावरील काही शस्त्रक्रियांनंतर जो आधार बांधला जातो त्याचे प्रयोजन निराळे आहे, आणि त्याला या चर्चेत गोवणे अन्यायाचे होईल.

दुखणे होऊच नये म्हणून निरोगी माणसाने पट्टा बांधावा, हा दावा आधी तपासू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत गोदामांतील व दुकानांतील कामगारांना पट्टे वाटण्याची जी लाट आली, तिचा भर ओसरण्यापूर्वीच, १९९४ साली, कामगारांच्या सुरक्षिततेविषयी संशोधन करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेने, जी ‘नायॉश’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, निरोगी कामगारांना पट्टे देण्याची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही असा स्पष्ट खुलासा केला. परंतु १९९६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी घरबांधणीचे सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानसाखळीचे दप्तर तपासले, तेव्हा पट्टा सक्तीचा केल्यानंतर कंबरेच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या असे दिसले, आणि पट्ट्याच्या पुरस्कर्त्यांना मोठाच आधार सापडला. तो आधार फार काळ टिकला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या एका विशाल साखळीतील १६० नवी दुकाने घेतली होती, त्यांपैकी काहींत पट्टा सक्तीचा व काहींत ऐच्छिक होता. हजारो कामगारांच्या मुलाखती आणि नुकसानभरपाईच्या अर्जांचे दप्तर ताडून पाहता, पट्टा रोज बांधणारे व क्वचित बांधणारे, सक्तीची दुकाने व ऐच्छिक दुकाने, यांच्यात दुखण्याच्या वा अर्जांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

हा विरोध उलगडणे बोधप्रद आहे. एकाच कंपनीतील आधीच्या व नंतरच्या काळाची तुलना करताना, पट्ट्याबरोबर मालकाचे कामगारांकडे वाढलेले लक्ष, प्रशिक्षण, सामान हलविण्याच्या साधनांत झालेल्या सुधारणा आणि दुखापत नोंदविण्याच्या पद्धतीतील बदल, हे सारे एकाच वेळी घडत असते, आणि श्रेय मात्र जो डोळ्यांना दिसतो त्या पट्ट्याला मिळते. ही गाठ सोडविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कोणाला पट्टा मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे. ॲम्स्टरडॅमनजीकच्या स्किपोल विमानतळावर विमानांत माल चढविणाऱ्या ३१२ कामगारांवर डच संशोधकांनी नेमके हेच केले: काहींना पट्टा, काहींना वजन उचलण्याचे शिक्षण, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही, अशी विभागणी करून सहा महिने नोंद ठेवली. १९९८ साली निकाल जाहीर झाला, तेव्हा पट्ट्याने कंबरदुखी टळली नव्हती आणि रजाही वाचल्या नव्हत्या. येथे पट्ट्याच्या विरोधकांनी फार हर्ष मानू नये, कारण शिक्षणानेही त्या दोहोंपैकी काहीच साधले नव्हते. शिवाय पट्टा मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तो कामाच्या निम्म्या वेळेपुरताही बांधला नाही. जो उपाय माणसे उकाड्याने, काचण्याने वा कंटाळ्याने सोडून देतात, त्याचे तात्त्विक गुण कितीही असोत, व्यवहारात तो उणाच ठरणार.

पट्ट्याच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा हॉलंडमधूनच आला, आणि तो मी जाणूनबुजून विस्ताराने सांगतो, कारण पट्ट्याला निकालात काढणाऱ्यांच्या लेखनात तो बहुधा एका ओळीत गुंडाळला जातो. रुग्णांच्या व वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या, आणि ज्यांना पूर्वी कंबरदुखी झालेली आहे अशा ३६० सेविका-सेवकांना संशोधकांनी दोन गटांत विभागले. दोन्ही गटांना काम करण्याच्या योग्य पद्धतीचे अल्प शिक्षण दिले. एका गटाला त्याव्यतिरिक्त पट्टा दिला, परंतु तो बारमाही बांधण्याचे फर्मान न काढता, ज्या दिवशी कंबर दुखेल किंवा दुखेलसे वाटेल त्या दिवशी बांधावा, अशी मुभा ठेवली. वर्षअखेर हिशेब केला तेव्हा पट्टेवाल्या गटाचे दुखण्याचे दिवस वर्षाकाठी सरासरीने सुमारे ५३ कमी भरले. वर्षातील ५३ दिवस वेदनेवाचून जाणे ही ज्याची कंबर दुखते त्याच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु त्याच हिशेबात आजारपणाच्या रजांचे प्रमाण मात्र लक्षणीयरीत्या घटलेले आढळले नाही.

या निकालाचा अर्थ लावताना एक व्यंग ध्यानी घेतले पाहिजे. गोळीच्या परीक्षेत खरी गोळी कोणती आणि खडूची कोणती हे रोग्यापासून लपविता येते. पट्टा बांधला आहे हे कंबरेपासून कसे लपविणार? पट्टा मिळालेल्या माणसाला आपल्याला काही तरी मिळाले आहे याची जाणीव दिवसभर असते, आणि वेदना मोजण्याचे साधन त्याचे स्वतःचे सांगणे हेच असल्यामुळे, पट्ट्याचा गुण आणि त्यावरील विश्वासाचा गुण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. असे असूनही मी त्या ५३ दिवसांना खोटे म्हणणार नाही. विश्वासाने हलकी झालेली वेदनाही हलकीच असते; फक्त त्या विश्वासाची किंमत काय पडते हे पाहावयाचे.

सर्व पुरावा एकत्र करून निवाडा देणाऱ्या संस्थांनी पट्ट्याविरुद्ध कौल दिला आहे. ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात, दुखणे टाळण्याच्या कामी पट्टा काहीही न करण्याहून अथवा शिक्षणाहून सरस नाही, आणि उपचार म्हणून त्याच्या परिणामाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, असे म्हटले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली पट्टे देऊ नयेत असा सल्ला दिला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी प्रथमच जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही सरसकट वापरू नयेत अशा उपायांच्या यादीत पट्टा बसविला. मात्र त्या यादीत पट्ट्याच्या शेजारी कोण बसले आहे हे वाचकाने अवश्य पाहावे: कमरेला वजने लावून ओढण्याचा उपचार, ज्याकरिता आपल्याकडे माणसे दवाखान्यात खाट अडवून पडतात, तो तेथे आहे, आणि अफूपासून वा तिच्या धर्तीवर बनविलेली प्रबळ वेदनाशामकेही तेथे आहेत. पट्टा पिंजऱ्यात उभा आहे खरा, पण पिंजऱ्यात दाटी आहे.

किंबहुना प्रतिष्ठित उपचारांची झडती घेतली तर पट्ट्याविषयी थोडी सहानुभूती वाटू लागते. पॅरासिटामोल ही कंबरदुखीवरील पहिली गोळी म्हणून जगभर दिली जात असे. ऑस्ट्रेलियात सुमारे साडेसोळाशे रुग्णांवर तिची परीक्षा झाली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात ती घेणारे मध्यमानाने १७ दिवसांत बरे झाले, तर निष्क्रिय गोळी घेणारे १६ दिवसांत. अफूवर्गीय औषधांची तशीच परीक्षा त्याच देशात होऊन २०२३ साली निकाल लागला: तीव्र कंबरदुखीत तीही निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीत, आणि त्यांच्या व्यसनाची भीती ती वेगळीच. परंतु या सर्वांहून मोठा अपराध ज्या उपचाराच्या नावे नोंदवावा लागतो तो पट्टा नव्हे आणि गोळीही नव्हे. तो म्हणजे खाट. कित्येक दशके शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी कंबर धरलेल्या माणसाला फळीवर आठवडेच्या आठवडे उताणे पडून राहण्याचा हुकूम दिला, आणि त्या हुकुमामागे शास्त्र आहे अशी सर्वांची खात्री होती. १९८६ साली अमेरिकेतील एका परीक्षणात दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली, तेव्हा दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि बरे होण्यात मात्र फरक पडला नाही. पुढे हेलसिंकी महानगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील अभ्यासाने, जो १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्याहून स्पष्ट उत्तर दिले: दोन दिवस पडून राहिलेले सर्वांत मागे राहिले, पाठीचे विशिष्ट व्यायाम तत्काळ सुरू केलेले मध्ये राहिले, आणि सोसेल तितका नित्यव्यवहार चालू ठेवा एवढेच ज्यांना सांगितले होते ते सर्वांच्या आधी सावरले.

येथे पट्ट्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो दुहेरी आहे. हालचाल थांबविणे अहिताचे असेल तर हालचाल कमी करणारा पट्टा हा खाटेचाच लहान भाऊ ठरावा; परंतु एखादा माणूस पट्ट्याच्या भरवशावर खाटेवरून उठून कामाला लागत असेल, तर तोच पट्टा खाटेचा शत्रू ठरतो. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात, ही धमकी दवाखान्यात सर्रास ऐकू येते. तिला पुरेसा आधार मोजणीत सापडलेला नाही, आणि चुकीच्या कारणासाठी योग्य सल्ला देण्याची सवय वैद्यकशास्त्राने सोडावी असे मला वाटते. पट्ट्याविरुद्धचा खरा आक्षेप निराळा आहे. महिनोन्‌महिने पट्टा बांधणाऱ्या माणसाच्या मनात आपली कंबर ही काचेची वस्तू आहे, ती बांधून ठेवली नाही तर फुटेल, अशी धारणा हळूहळू पक्की होते. आणि ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ हे निदान कागदावर मिळाले की त्या धारणेवर जणू सरकारी शिक्का बसतो. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, तो त्यांपैकी ५२ टक्क्यांची निदान एक गादी फुगलेली आढळली. चित्रातील दोष आणि कमरेतील वेदना यांचा संबंध इतका सैल असताना, त्या चित्राच्या धाकाने आयुष्यभर वाकणे सोडून देणाऱ्या माणसांची संख्या आपल्या ओळखीपाळखीत मोजून पाहावी.

मग हालचालीच्या बाजूचे उपचार तरी काय देतात? येथेही अवाजवी आश्वासने नकोत. जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ परीक्षणांचा जो आढावा २०२१ साली कॉक्रेननेच काढला, त्यात काहीही उपचार न घेणाऱ्यांच्या मानाने व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभरांच्या मापावर सुमारे १५ अंकांनी कमी भरली. हा फरक जाणवण्याजोगा आहे, चमत्कार म्हणण्याजोगा नाही. योगासनांचा गुण बॉस्टनमधील २०१७ च्या एका परीक्षणात फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला, म्हणजे आसनांचा अभिमान बाळगणाऱ्यांना आणि यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्यांना दोघांनाही थोडे समाधान, थोडा विरस. मालीश, शेक, मणके हाताने बसविणे यांचाही लाभ अल्प व अल्पकालीनच. वेदनेच्या अंकांतच स्पर्धा लावली तर व्यायाम पुढे असला तरी या साऱ्या मंडळींतील अंतर फार नाही, आणि पट्टा त्यांच्या मागे असला तरी अगदी दृष्टीआड नाही.

अंतर दिसते ते उपचार संपल्यानंतर. ऑस्ट्रेलियातील आणखी एका परीक्षणात, जे २०२४ साली प्रसिद्ध झाले, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढत जाणारे चालणे व त्यासोबत थोडे शिक्षण दिले, आणि बाकीच्यांना काहीच दिले नाही. न चालणाऱ्यांचे दुखणे मध्यमानाने ११२ दिवसांनी उलटले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. चालण्याला दुकान लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, आणि ते शिकविणारा निघून गेला तरी पाय रोग्याचेच राहतात. पट्टा सोडला की त्याच्यासवे त्याचा गुणही खुंटीवर जातो. म्हणून ज्याला उद्या कामावर जाणे भाग आहे, ज्याची कंबर वारंवार धरते, आणि पट्टा बांधल्याने जो अधिक हालचाल करू शकतो, अशाला वाईट दिवसांपुरता पट्टा मी नाकारणार नाही. परंतु तो देताना तो केव्हा सोडावयाचा याचीही मुदत त्याच वेळी ठरवावी. मात्र ताप, अकारण घटणारे वजन, रात्री न थांबणारी वेदना, पायांतील बळ जाणे वा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही लक्षणे असतील तर पट्टा आणि चालणे या दोहोंचाही विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. मणक्याचा क्षय ही आपल्या देशात अजूनही पुस्तकी गोष्ट झालेली नाही.

आतापर्यंतची सर्व तुलना रोगी व उपाय यांच्यातील होती. परंतु ज्याची कंबर ओझ्याखाली गेली त्याच्याबाबत तिसरा पक्षकार हजर करावा लागतो, आणि तो म्हणजे ओझे. आपल्या बाजारपेठांत शंभर किलोचे पोते पाठीवर घेण्याची रीत इतकी जुनी होती की ती निसर्गनियमासारखी भासे. ते वजन पन्नास किलोवर आणण्याकरिता हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९४८ च्या कारखाना अधिनियमात इजा होईल इतके वजन उचलावयास लावू नये असे कलम होते, पण भुसार बाजारातील हमाल कोणत्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतो? त्याला नोकरीचे नियमन आणि कल्याणाच्या तरतुदी मिळाल्या त्या १९६९ च्या माथाडी कायद्याने, आणि त्याही मंडळांमार्फत नोंदणी झालेल्यालाच.

अशा माणसाला मालकाने पट्टा देऊ केला तर तो स्वस्तात सुटतो. पट्टा दिल्याने पोत्याचे वजन घटत नाही, गाडीची उंची बदलत नाही, आणि उद्या कंबर गेली तर ‘पट्टा बांधला होता काय?’ हा प्रश्न मात्र तयार होतो. म्हणजे जी जबाबदारी मालाच्या व मालकाच्या बाजूची, ती चिकटपट्टीसह हमालाच्या पोटावर आवळली जाते. १९९४ साली पट्ट्याविषयी खुलासा करणाऱ्या नायॉश या संस्थेनेच वजन उचलण्याचे एक सूत्रही बांधले आहे, आणि त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असता, म्हणजे वस्तू अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पकड उत्तम आणि वळण्याचे कारण नाही अशा वेळी, शिफारस केलेली कमाल मर्यादा २३ किलोची धरली आहे. इतक्या झगड्यानंतर आपल्याकडे जे पोते हलके म्हणून मिळाले ते त्या मर्यादेच्या दुपटीहून जड आहे, आणि ते जमिनीवरून उचलावे लागते.